सुईणीचं वांझपण

आमच्या कोक-जार गावात चाळिशीच्या आतला कुणीही घ्या, जगात आल्या आल्या त्याला पहिला हात लागला तो शारापातचा. आईचा त्यानंतर. शारापात माझी धाकटी जाऊ. नारीन शहराच्या वर, डोंगरात आम्ही राहतो, मे महिन्यातसुद्धा कधी कधी बर्फाने रस्ता अडतो, आणि अशा ठिकाणी हाताशी शिकलेली सुईण असणं म्हणजे काय हे शहरातल्यांना सांगून कळायचं नाही. समोर लोक तिला डॉक्टर म्हणायचे. खरं तर ती नर्स. पाठ फिरली की वांझ म्हणायचे. मी तोंडाची फटकळ, त्यामुळे माझ्यादेखत म्हणायची कुणाची छाती नव्हती, एवढंच.

आमच्या घरात ती आली तेव्हा फ्रुंझेला नर्सिंगची परीक्षा पास होऊन आलेली होती. राजधानी बिश्केकला तेव्हा फ्रुंझे म्हणायचे. पायात बूट, हातात चामड्याची पेटी आणि चालणं असं की बघणाऱ्याने आपणहून बाजूला व्हावं. लग्नाआधी मामंजींनी तिच्या बापाला समोर बसवून सात पिढ्या मोजून घेतल्या. (मामंजींचं नाव मी घेणार नाही. आमच्याकडे सुना सासऱ्याचं नाव घेत नाहीत, तो मेल्यावरही नाही.) बाप, बापाचा बाप, त्याचा बाप, असे सात. आमच्या सातात आणि त्यांच्या सातात एकही नाव जुळलं नाही. "रक्त लांबचं आहे," मामंजी म्हणाले आणि मेंढा कापायला सांगितला.

शारापातचे दोन भाऊ लहानपणीच गेले होते, ते सगळ्यांना ठाऊक होतं. एकाच समारंभात दोघांची सुंता झाली आणि दोघंही रक्त वाहून वाहून गेले. सुंता करणाऱ्या उस्ताचा हात वाईट, असं ठरलं. तिच्या काकांनी त्याचा जबडा फोडला, तो बायकापोरांना घेऊन गाव सोडून गेला आणि विषय मिटला. बापाकडची माणसं तर नव्वदीपर्यंत घोड्यावर बसणारी. मग रक्तात खोट आहे असं कुणाच्या मनात येणार कसं? आईकडचे मामा किती जगले, कशाने गेले, हे मोजायची आमच्याकडे पद्धतच नाही.

कामात शारापात खडूस. बाळंतिणीच्या खोलीत तिने कधी गर्दी जमू दिली नाही. सासू असो नाहीतर चुलतसासू, दंडाला धरून बाहेर. बाळ रडलं की घरातले सगळे आनंदाची बातमी सांगून बक्षीस उकळायला शेजारीपाजारी धावतात. शारापात जागची हलायची नाही. वार अख्खी पडली का ते उलटून-पालटून बघायची, बाईच्या पोटावर तळवा ठेवून बसायची आणि रक्त आवरेपर्यंत चहाच्या पेल्याला शिवायची नाही. माझ्या नणंदेला मुलगी झाली तेव्हा रक्त थांबेना. या बाईने मूठ आत घालून दुसऱ्या हाताने वरून पोट दाबून धरलं ते नारीनहून गाडी येईपर्यंत. नणंद आज नातवंडं खेळवते आहे. मला तेव्हा वाटायचं की हिला रक्ताचं काहीच वाटत नाही. रक्ताला तिच्याइतकं घाबरणारं माणूस गावात दुसरं नव्हतं, हे कळायला मला म्हातारी व्हावं लागलं.

मूल होत नसलेल्या बायकाही तिच्याकडे यायच्या, म्हणजे त्यांच्या सासवा त्यांना ओढत आणायच्या. एकदा वरच्या आळीची एक म्हातारी सुनेला पुढे ढकलून म्हणाली, "हिला काहीतरी औषध दे. चार वर्षं झाली, नुसती खाते."

"मुलगा कुठे आहे?" शारापातने विचारलं.

"तो कशाला? घोड्यासारखा धडधाकट आहे."

"घोडासुद्धा दात बघून घेता ना, आजी? त्याला नारीनला पाठवा. बाटलीत नमुना द्यायला सांगा, तपासतील. मग हिचं बघू."

म्हातारीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "स्वतःची कूस रिकामी आणि माझ्या मुलाला बाटली दाखवतेस?" मी दारातच लोकर विंचरत बसले होते. त्या म्हातारीला मी काय काय ऐकवलं ते इथे लिहीत नाही. शारापात मात्र चिडली नाही, पेटी आवरत राहिली. पुढे दोष मुलातच निघाला. म्हातारीने ते मरेपर्यंत मान्य केलं नाही.

शारापातचं स्वतःचं लग्न होऊन सहा वर्षं झाली तरी पाळणा हलला नव्हता. मी तिला काय काय करायला लावलं! डोंगरापलीकडच्या पवित्र झऱ्यावर नेलं, भर थंडीत कंबरेएवढ्या पाण्यात उभं केलं, झुडपाला चिंध्या बांधल्या, मेंढीच्या शेपटीची कोमट चरबी पाजली. ती निमूटपणे सगळं करायची. तिचा नवरा एसेन, माझा दीर, ट्रॅक्टर चालवायचा. मुलखाचा अबोल माणूस. पुरुषांच्या बैठकीत निपुत्रिकाला दाराजवळची जागा आणि मांस वाटताना हाडाचा तुकडा. "एसेनच्या घोड्या वितात, बायको काही वीत नाही," असं कुणीतरी म्हणायचं आणि बाकीचे हसायचे. हिला सोडून दुसरी कर, असं त्याला आमच्या ह्यांनीही सुचवलं होतं. त्याने सोडलं नाही. दर दोन-तीन वर्षांनी ती कसल्याशा प्रशिक्षणासाठी फ्रुंझेला जायची, तेव्हा तो तिला गाडीवर बसवायला जायचा आणि गाडी वळणाआड जाईपर्यंत उभा राहायचा.

मग मला तिसऱ्यांदा दिवस गेले. थोरला मुलगा कुबान आणि एक मुलगी पदरात होती. मामंजी जेवताना म्हणाले, "यावेळी होईल ते एसेनच्या घरात द्यायचं." आमच्याकडे हे चालतं, भावाला मूल नसेल तर दुसऱ्या भावाने द्यावं. मला विचारलं नाही असं नाही. विचारलं. नाही म्हणायची सोय नव्हती, इतकंच.

बाळंतपण शारापातनेच केलं. मुलगा झाला. तिने नाळ कापली, सासूबाईंनी बाळ उचललं आणि तिच्या झग्याच्या ओच्यात घातलं. मी भिंतीकडे तोंड केलं. तरीही वार पडेपर्यंत, रक्त थांबेपर्यंत, ओच्यातलं पोर सासूबाईंकडे देऊन, ती माझ्यापाशी बसली. दूध आटावं म्हणून माझी छाती कापडाने आवळून बांधली तीही तिनेच. बांधताना ती हुंदके देत होती. मला वाटलं, आनंदाने रडते आहे, आणि मला तिचा इतका राग आला की मी तिचा हात झटकला.

मुलाचं नाव मेदेर. आमच्या दोन घरांत एक भिंत. त्याचं रडणं, हसणं, तिला 'आई' म्हणून हाका मारणं मला सगळं ऐकू यायचं. मला तो थोरली काकू म्हणायचा. शाळेत कुणीतरी त्याच्या कानात ओतलंच. घरी येऊन त्याने विचारलं, तेव्हा शारापात म्हणाली, "मला देवाने दिलं नाही, म्हणून थोरल्या काकूने दिलं." भिंतीपलीकडे मी हातातलं काम थांबवून उभी होते. वाटलं, आता तो माझ्याकडे येईल. तो खेळायला गेला.

शारापातला एकच बहीण, आणि त्या बहिणीला तीन मुली. थोरली जीबेक शाळेसाठी मावशीकडे येऊन राहिली. भिंतीपलीकडे मुलगी, अलीकडे माझा कुबान, मग व्हायचं ते झालं. मला पोरगी पसंत होती. शारापात मात्र मला गोठ्यात गाठून म्हणाली, "जाऊबाई, हे नको. कुबानला दुसरी बघा."

"का गं? तुझीच भाची ना?"

"नाजूक आहे ती. झेपायचं नाही तिला."

"म्हणजे मी सासुरवास करीन, असंच ना?"

ती वासराला दावं लावायला वळली आणि मी मनाशी ठरवलं की हिला जळतंय. मामंजींनी पुन्हा सात पिढ्या मोजल्या. जीबेकच्या बापाचं कुळ आमच्यापासून आणखीच लांब. "इतकं स्वच्छ रक्त शोधूनही सापडायचं नाही," म्हणाले. लग्नात शारापातने भाचीला मिठी मारली ती सुटता सुटेना. आम्हालाच तिला ओढून बाजूला करावं लागलं.

नातू झाला, बेकतुर. शारापातने त्याची नाळ दोनदा बांधली आणि तिथेच बसली. नाळ पडल्यावर बेंबीतून रक्त पाझरत राहिलं. जीबेकचंही कितीतरी दिवस थांबेना. पोर रांगायला लागलं तसे गुडघे निळे-जांभळे पडले. उचललं की काखेत बोटांचे डाग. दात आला तेव्हा उशी लाल झाली. शेजारणी म्हणायला लागल्या, सून पोराला मारते. मी जीबेकला सरळ विचारलं. ती रडत म्हणाली, "आत्याबाई, मी त्याला बोटसुद्धा लावत नाही हो." मामंजींनी तिच्यावर विश्वास ठेवला नाही, ती पोराला घेऊन आत गेली की पाठोपाठ कुणालातरी पाठवायचे. आणि शारापात? ती रोज येऊन पोराला मांडीवर घ्यायची, सदरा वर करून बघायची आणि तिचा चेहरा राखेसारखा व्हायचा.

सुंता विषम वर्षी करायची. तिसऱ्या वर्षी समारंभ ठरला तेव्हा शारापात म्हणाली, याचं रक्त पातळ आहे, थांबा, बिश्केकला नेऊन तपासून आणा. मामंजी थांबायला तयार झाले. तपासायला कुणी नेलं नाही. कुबान बांधकामावर रशियात, आणि पोर तर दिवसभर हसतंय, तपासायचं काय?

पाचव्या वर्षी मात्र मामंजी हट्टाला पेटले. त्यांना उठायला बसायला माणूस लागत होता. "सातवं वर्ष मला दिसणार नाही," म्हणाले. कुबान आला. घोडी कापली. चार गावांना आवतण गेलं. रिवाजाप्रमाणे दोन दिवस आधी बेकतुरला नटवून घोड्यावर बसवून घरोघर फिरवलं. संध्याकाळी पोर मांडी दुखते म्हणून कण्हत होतं, पण लेकरं नखरे करतात, असं सगळे म्हणाले. परवा सकाळी उस्ता येणार होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पाण्याच्या पाटावर घोडीची आतडी धूत बसले होते. बाकीच्या बायका वर भट्टीपाशी. शारापात येऊन शेजारी बसली, बाह्या वर केल्या आणि आतड्याचं दुसरं टोक धरलं.

"जाऊबाई, उद्याचं थांबवा," म्हणाली. "चाकू लावला तर बेकतुर जाईल. माझे भाऊ गेले तसा."

"ते उस्तामुळे."

"नाही. उस्ताची काही चूक नव्हती. आमच्या आईकडून आलंय ते. मुलींना काही होत नाही, त्या नुसतं पुढे नेतात. मुलगा झाला की त्याचं रक्त गोठत नाही. हिमोफिलिया म्हणतात. वर्गात बाईंनी फळ्यावर काढून दाखवलं तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. माझी आई दिसली मला त्या फळ्यावर. तिचे भाऊ. माझे भाऊ. मग मी आणि माझी बहीण. आमच्यात असेलच असं नाही, अर्धी-अर्धी शक्यता. बहिणीला तीन मुलीच झाल्या, मला वाटलं, सुटलो. ती सुटली नव्हती."

"मग कुबानच्या लग्नाआधी का नाही बोललीस?"

"तीन पोरी आहेत, जाऊबाई. बोलले असते तर तिघींना जन्मभर कुणी दारात उभं केलं नसतं. आणि जीबेकमध्ये नसेलही, असलं तरी मुलगीच होईल, झाला मुलगा तरी तो वाचेल. अशी मी स्वतःची समजूत घालत गेले."

"आणि तुझ्यात आहे की नाही ते तुला कसं कळणार? तुला तर झालंच नाही."

तिने आतड्याचं टोक पाण्यात खळबळून घेतलं. "मी होऊ दिलं नाही," म्हणाली.

मला आधी समजलंच नाही. मग तिने सांगितलं. तांबी. लग्नाच्या आधीच मैत्रिणीकडून बसवून आली होती. दर दोन-तीन वर्षांनी फ्रुंझेला जायची ती बदलायला. झऱ्याच्या पाण्यात मी तिला उभं केलं तेव्हाही तांबी आत होतीच.

माझ्या हातातून आतडं सुटलं आणि पाण्याबरोबर निघालं. तिने वाकून ते धरलं. मी म्हटलं, "मेदेर?"

"मामंजींनी ठरवलं होतं. नको म्हटलं असतं तर का नको ते सांगावं लागलं असतं." मग म्हणाली, "तेही खोटंच. मला हवा होता तो. खूप हवा होता. ज्याचं रक्त थांबतं, असं मूल मला हवं होतं."

मी तिच्या थोबाडीत मारली. ओल्या, चरबीच्या हाताने. तिने गाल पुसला नाही.

"मारा," म्हणाली. "पण उद्याचं थांबवा. तुम्ही आजी आहात. ताप आलाय म्हणा, काहीही म्हणा. माझं नाव मधे आणू नका. मेदेरला हे कळलं तर तो माझ्याकडे पुन्हा बघणार नाही. एवढंच मागते."

मी विचार केला. राग डोक्यात होता तरी केला. ताप सांगितला तर मामंजी आठ दिवसांनी करतील. मी अडवलं तर मला न सांगता शेजारच्या गावात नेऊन करतील. पोराच्या अंगावरचे डाग दाखवून सुनेलाच खोटी पाडणारी माणसं ही. "ताप पुरायचा नाही," मी म्हटलं. "सगळं सांगावं लागेल, आणि तुझ्याच तोंडून. माझं कोण ऐकणार? तू नर्स आहेस." हे मी पोरासाठी म्हटलं की तिला खाली बघायला लावायला, ते मला तेव्हा माहीत नव्हतं, आजही नाही.

ती उठली, हात धुतले आणि तशीच वर गेली.

मोठ्या खोलीत मामंजी, गावातले म्हातारे, एसेन, कुबान, मेदेर असे सगळे कुमीस, म्हणजे घोडीचं आंबवलेलं दूध, पीत बसलेले. शारापात दारातच उभी राहून बोलली. भावांचं, आईचं, फळ्याचं. बेकतुरला आणायला लावलं, त्याची विजार खाली केली. मांडी काळीनिळी आणि टम्म सुजलेली. "काल घोड्यावर बसवलंत, त्याचं हे. अजून चाकू लागलेला नाही."

मामंजी म्हणाले, "रक्त बापाकडून येतं. आईकडून दूध. सात पिढ्या मी माझ्या तोंडाने मोजल्या आहेत."

"मोजल्यात, मामंजी. त्या सातांत माझी आई कुठे आहे?"

"जिची कूस कधी भरली नाही, तिने पोराबाळांबद्दल बोलू नये."

"भरली असती," शारापात म्हणाली. "मीच भरू दिली नाही. याच भीतीने."

आणि पाटावर मला सांगितलं ते सगळं तिने त्या पुरुषांसमोर सांगितलं. आमच्याकडे बायका नवऱ्यासमोरही असले शब्द उच्चारत नाहीत. एसेनने हातातला पेला जमिनीवर ठेवला.

"त्या झऱ्यावर मीही आलो होतो," तो म्हणाला. "नवस बोललो होतो. तेव्हाही?"

"हो."

तो उठला आणि तिच्या अंगाला अंग न लागेल असा दारातून बाहेर पडला. मेदेर बसूनच राहिला. त्याची मान खाली, कान लाल. शारापातने त्याच्याकडे एकदाच बघितलं.

कुबानने काही न बोलता बेकतुरला उचललं, जीबेकला हाक मारली, शेजाऱ्याची गाडी घेतली आणि तिघं बिश्केकला निघून गेले. पाहुणे दुसऱ्या दिवशी आले. घोडी कापलेली होती, ती काही परत उभी राहणार नव्हती. सगळ्यांनी खाल्ली. तपासणीत शारापात म्हणाली तेच निघालं, आणि जोरातलं निघालं. गावात चाकू लावला असता तर पोर आमच्यापर्यंत जिवंत पोचलं नसतं, असं तिथल्या डॉक्टरांनी कुबानला सांगितलं. बेकतुर जगला. आता ते तिथेच राहतात. त्याला सुया टोचाव्या लागतात, एक गुडघा सरळ होत नाही. पण आहे.

बाकीचं सगळं शारापातवर कोसळलं. तिच्या मधल्या भाचीला सासरच्यांनी पोटुशी असताना बोचक्यासकट माहेरी आणून सोडलं. धाकटीचं ठरलेलं मोडलं. बहीण आमच्या फाटकाशी येऊन आत न येता ओरडली, "माझ्या पोरींच्या अन्नात माती कालवलीस. भाऊ मेले होतेच, आता तुला बहीणही मेली समज." एसेनने तिला जा म्हटलं नाही, पण तिच्या हातचं खाणं बंद केलं, दोन महिन्यांनी तीच गावच्या दवाखान्यामागच्या खोलीत राहायला गेली. मग बायकांनी तिच्याकडे यायचं सोडलं. कुणीतरी उठवलं की हिने गावातल्या सुनांनाही न सांगता तांब्या बसवल्या. जिने गावची पोरं काढली, तिच्याबद्दल! पोट दुखायला लागलं की सासवा सुनांना खड्ड्यांतून नारीनला न्यायच्या, आणि एक सून वाटेतच गाडीत बाळंत होऊन दगावली. ते ऐकून शारापात दिवसभर दवाखान्याच्या पायरीवर बसून होती. तरी रोज सकाळी शेगडी पेटवायची, हत्यारं उकळायची, मांडून ठेवायची.

मेदेर माझ्याकडे आला. नारीनला टॅक्सी चालवायचा, बायको-पोरगी तिकडेच. उंबऱ्यात बसून म्हणाला, "काकू, तिने नको म्हटलं असतं तर मी तुमच्याजवळ वाढलो असतो."

हे ऐकण्यासाठी मी तीस वर्षं काढली होती. आणि ऐकल्यावर मला भिंतीपलीकडची शारापात आठवली, याला गोवर आला तेव्हा रात्ररात्र पाठीवर घेऊन फिरणारी. मी म्हटलं, "वाढला असतास." तो तिच्या खोलीकडे न जाता परत गेला. त्यानंतर दोन वर्षं त्याने तिला तोंड दाखवलं नाही. मी मात्र जायचे. पाव घेऊन जायचे, टेबलावर आपटायचे आणि बसायचे. बोलणं थोडं. एकदा तिने विचारलं, "त्याची पोरगी बोलायला लागली का?" मी सांगितलं, लागली.

यंदा फेब्रुवारीत ती गेली. सकाळी मी गेले तेव्हा शेगडी पेटलेली आणि ती खाली पडलेली, अर्धं तोंड वाकडं. संध्याकाळपर्यंत टिकली.

मामंजी त्याआधीच गेले होते. एसेनने कुणाला न विचारता अंगणात तंबू उभारला आणि तिला घरी आणवलं. आम्ही बायका आत, प्रेतापाशी. पुरुषांनी बाहेर काठीवर भार टाकून उभं राहायचं आणि येणाऱ्या प्रत्येक माणसासमोर मोठ्याने रडायचं, हा आमचा रिवाज. आईसाठी मुलगा उभा राहतो. मुलगा नसला तर ती बाई कुणाचीच नव्हती, असं त्या रिकाम्या जागेकडे बघून सगळ्या गावाला कळतं. मेदेर आला होता, पण गाडीतून उतरत नव्हता. मी बर्फातून गाडीपाशी गेले आणि काचेवर हात मारला.

"उतर. जाऊन उभा राहा."

"कोण म्हणून?"

"मुलगा म्हणून. आणखी कोण म्हणून?"

"मुलगा तर मी तुमचा आहे," तो म्हणाला. समोर बघत, स्टिअरिंग घट्ट धरून.

हो म्हणायला जीभ उचलली होती मी. तिथे कुणी ऐकायला नव्हतं. "नाहीस," मी म्हटलं. "तुला मी जन्म दिला. मुलगा तू तिचा आहेस. उतर."

मी आत येऊन पुन्हा बायकांत बसले. थोड्या वेळाने बाहेरून त्याचा आवाज आला, आधी दबका आणि मग गळा फाटेस्तोवर. आई, माझे आई, मला टाकून कुठे गेलीस. शेजारणीने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. मी भिंतीकडे तोंड करून ऐकत राहिले. दोन्ही वेळा त्याला तिच्याकडे पाठवणारी मीच, आणि पहिल्या वेळेपेक्षा या वेळी जास्त दुखलं.